दुपारी दोनला बंद पडणारी मशीन

गेल्या मे महिन्यात एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. ‘काका, मायनिंगची मशीन खराब झाली. दुपारी दोनला बंद पडते आन् रात्री आठला आपोआप चालू होते.’ मी विचारले, रोज? ‘रोजच. परवा फक्त दिवसभर चालली.’ परवा गोंदियात आभाळ भरून आले होते, संध्याकाळी चार थेंबही पडले होते. मशीन खराब नव्हती. ऊन सोसत नाही, एवढेच ती सांगत होती.

आपल्याकडे अशी मशीन असेल, किंवा मायनिंगमधून निघालेले जुने ग्राफिक्स कार्ड घेऊन आपण व्हिडिओ एडिटिंगचा संगणक जोडला असेल, तर दोष कुठे आहे हे बरेचसे घरीच शोधता येते. स्क्रूड्रायव्हर सगळ्यांत शेवटी लागतो. आधी लागते ते वायरच्या टोकाला सेन्सर असलेले साधे डिजिटल थर्मामीटर, एक वही आणि दोन दिवसांचा धीर.

आधी उष्णता येते कुठून ते समजून घेऊ. मायनिंग म्हणजे मशीनकडून क्रिप्टो चलन मिळवणे. हा शब्द खाणीवरून आला असला तरी काम सगळे आकडेमोडीचे आहे. ठरावीक अटीत बसणारी संख्या सापडेपर्यंत मशीन तेच गणित पुन्हा पुन्हा करत राहते. २०२० साली आलेली अँटमायनर एस१९ ही मशीन सेकंदाला सुमारे ९५ लाख कोटी वेळा हे गणित करते आणि त्यासाठी साधारण ३,२५० वॅट वीज घेते. राइस मिलमध्ये धान घातले की तांदूळ, तूस आणि कोंडा निघतो, वजनाला वजन जुळते. इथे वीज घातली की आकडा निघतो, आणि आकड्याला वजन नसते. घातलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन खोलीत उतरते. हजार-हजार वॅटच्या तीन इस्त्र्या दिवसरात्र चालू ठेवल्यासारखे हे आहे.

ही उष्णता बाहेर फेकायला मशीनला एकच साधन दिलेले असते, ते म्हणजे पुढून आत येणारी हवा. कंपनीच्या माहितीपत्रकात या हवेची मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली आहे. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपात, सावलीतला पारा ४४-४५ वर जातो. म्हणजे खोलीने काहीही चूक केली नाही तरी मशीन हद्दीबाहेर जाते. भूतान, आइसलँड अशा थंड आणि जलविद्युत मुबलक असलेल्या देशांत मायनिंगचे मोठे कारखाने का गेले, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

आता पहिली पायरी. दोन दिवस मशीनला हात लावू नका. ती कधी बंद पडली, कधी सुरू झाली आणि त्या वेळी ऊन होते की ढग, एवढेच वहीत लिहा. वेळ उन्हाबरोबर सरकत असेल तर दोष हवेचा. रात्री तीनलाही बंद पडत असेल, किंवा सुरू केल्यावर पाच मिनिटांतच पडत असेल, तर दोष मशीनच्या आत किंवा विजेत आहे. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि थेट मशीन उघडून बसतात. उघडताना एखादी बारीक वायर तुटते, आणि नसलेला दोष तयार होतो.

दुसरी पायरी थर्मामीटरची. सेन्सर मशीनच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, दुपारी तीनच्या सुमारास धरा आणि पारा स्थिरावू द्या. खोलीच्या भिंतीवरचे तापमान इथे उपयोगाचे नाही, मशीन जी हवा ओढते तिचेच हवे. मग सेन्सर मागच्या बाजूला, गरम हवा निघते तिथे धरा. दोन्ही आकडे लिहा आणि वजाबाकी करा.

तोंडाशीच ४० च्या वर आकडा असेल तर मशीन उघडायचे कारण नाही, खोली दुरुस्त करायची आहे. तोंडाशी हवा बरी आहे, पण पुढच्या-मागच्या हवेतला फरक पूर्वीपेक्षा वाढला आहे, तर आतून हवा कमी वाहते आहे. धूळ बसली असेल किंवा पंखा थकला असेल. तोंडाची हवा बरी, फरकही नेहमीचा, आणि तरी चिप तापते आहे, तर चिपची उष्णता हवेपर्यंत पोचतच नाही. ‘पूर्वीचा’ फरक कळण्यासाठी मशीन नवी किंवा नुकतीच स्वच्छ केलेली असताना एकदा ही वजाबाकी करून ठेवावी लागते. माझा आग्रह आहे की तो आकडा पेन्सिलने भिंतीवरच लिहा. वह्या हरवतात.

तिसरे, मशीनला स्वतःला विचारा. तिचा आयपी पत्ता, म्हणजे आपल्या घरच्या नेटवर्कवरचा तिचा घर-क्रमांक, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकला की तिचे पान उघडते. त्यात हॅशबोर्डचे, म्हणजे चिपा बसवलेल्या पाटीचे, तापमान दिसते. एस१९मध्ये अशा तीन पाट्या आणि चार पंखे असतात. तिन्ही पाट्या सारख्याच तापल्या असतील तर हवेचा दोष. एकच तापली आणि दोन थंड आहेत, तर त्या पाटीचा. एका पंख्याचे फेरे बाकीच्यांपेक्षा बरेच कमी दिसले तर तो पंखा बदलायचा. लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली रोजनिशी, त्याच पानावर असते. तिथे ‘टेम्प टू हाय’ आहे की ‘फॅन लॉस्ट’ आहे ते पाहा. दोन्हींत मशीन बंदच पडते, पण दुरुस्ती वेगळी.

ग्राफिक्स कार्डाचेही असेच आहे, फक्त आकडे संगणकावरच्या एखाद्या मोफत मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये पाहायचे. मुख्य चिप ७० अंशांवर निवांत दिसते आणि तरी कार्ड रखडते, अशी तक्रार येते तेव्हा मेमरीचे तापमान पाहा. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांची मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड आपला वेग आपणच कमी करते. पंखे मात्र मुख्य चिपचे ऐकतात, म्हणून शांत फिरत असतात आणि माणूस फसतो. इथेरियम या क्रिप्टो चलनाचे ग्राफिक्स कार्डावरचे मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला संपले. त्यानंतर जुन्या बाजारात आलेल्या कार्डांची मेमरी आधीच वर्ष-दोन वर्षे अशी भाजलेली असू शकते, हे घेताना लक्षात असू द्या.

आता त्या मुलाच्या खोलीकडे येतो, कारण दहापैकी आठ वेळा दोष तिथेच सापडतो. घरामागे टिनाची दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, आत एक कूलर, दारावर एक एक्झॉस्ट पंखा. बाहेर सावलीत ४४ अंश होते आणि मशीनच्या तोंडाशी ५१. हे वरचे सात अंश मशीनचे स्वतःचेच. एक्झॉस्ट गरम हवा दाराबाहेरच्या छपरीत टाकत होता आणि तीच हवा दाराखालच्या फटीतून परत आत येत होती.

हे आम्ही उदबत्तीने शोधले. आपणही करून पाहा. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी, खिडकीच्या चौकटीशी आणि मशीनच्या दोन्ही बाजूंना थोडा वेळ धरायची, धूर कुणीकडे वळतो ते पाहायचे. त्या खोलीत मशीनच्या मागून निघालेला धूर वरून वळसा घेऊन पुन्हा पुढच्या तोंडात शिरत होता. मुलगा बघतच राहिला. महिनाभर तो पंख्यांना दोष देत होता.

उपाय हवेचे दोन भाग करण्याचा. मशीनचे तोंड एका बाजूला, पाठ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये छतापर्यंत पार्टिशन. पार्टिशनला मशीनच्या मापाचे भोक पाडायचे, उरलेल्या फटी बुजवायच्या. पुढच्या भागात बाहेरची हवा, शक्यतो उत्तरेकडून, झाडाच्या सावलीतून. मागच्या भागातून एक्झॉस्टने हवा उंचावर बाहेर. पार्टिशनला सिमेंटची शीट वापरा. थर्माकोल, पुठ्ठा किंवा पोते गरम हवेच्या बाजूला कधीही लावू नका. टिनावर ऊन लागू नये म्हणून धानाचे तणस पसरायची आपल्याकडे सवय आहे, पण जिथून गरम हवा निघते त्या छतावर ते नको. पांढरा चुना पुरेसा होतो.

एक्झॉस्ट केवढा घ्यायचा? दर एक किलोवॅटला मिनिटाला साधारण १८० घनफूट हवा वाहिली तर तिचे तापमान दहा अंश वाढते. आपल्या सव्वातीन किलोवॅटच्या मशीनला म्हणून जवळपास ६०० घनफूट लागतात. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा ‘सीएफएम’ म्हणून छापलेला असतो. तो मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि वळणे आली की घटतो, म्हणून दीडपट क्षमतेचा घ्यावा. एक चूक सर्रास दिसते: एक्झॉस्ट मोठा लावतात आणि हवा आत यायला वाटच ठेवत नाहीत. खिडकी बंद असेल तर केवढाही पंखा नुसता घरघरतो. आत येणारी वाट बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा मोठीच हवी.

एसी लावू का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, तेही बाहेर ४५ अंश नसताना. म्हणजे एका मशीनमागे एक अख्खा एसी, तोही चोवीस तास न थांबता चालणारा. माझ्या मते हा पैसा वाया आहे.

आपल्याकडे त्याहून चांगली गोष्ट घरोघरी आहे. विदर्भातली मेची हवा कोरडी असते. ४४ अंशांची अशी हवा ओल्या खसमधून ओढली की तीस अंशांच्या आसपास येते, कारण पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जाते. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रात कूलिंग टॉवर असतात, तेही याच तत्त्वावर चालतात. कूलर खिडकीबाहेर बसवायचा, म्हणजे तो बाहेरची ताजी हवा आत ढकलेल, आणि एक्झॉस्ट चालूच ठेवायचा. खोलीच्या आत कूलर ठेवून दार लावले तर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर थंड करणे सोडून देतो.

कूलरची हवा मशीनवर सरळ मारू नका. भीती ओलाव्यापेक्षा तुषारांची आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर पाटीवर जाऊन बसतात, पाणी उडून जाते आणि पांढरी बुरशीसारखी पूड सोल्डरच्या टाक्यांवर उरते. ती पुढे ओल धरते आणि शॉर्ट करते. कूलर आणि मशीन यांत सहा-सात फूट अंतर ठेवा, तोंडासमोर काच धरून दहा मिनिटांनी तिच्यावर थेंब येतात का पाहा. पाऊस लागला की पाण्याचा पंप बंद करा. जुलैची हवा मुळातच तिशीच्या आसपास असते, तिला नुसता पंखा पुरतो, आणि दमट हवेत खस काही थंड करत नाही.

खोली सुधारली, तरी फरक वाढलेलाच असेल तर धूळ. गोंदियाची धूळ वेगळी आहे. मिलच्या आसपासच्या वस्तीत तुसाची बारीक पूड हवेत असते, उसना तांदूळ काढणाऱ्या मिलच्या तुसावर चालणाऱ्या बॉयलरची काळी राखही असते. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य. ती पंख्याच्या बेअरिंगमध्ये गेली की बेअरिंग घासते.

मुलाची मशीन उघडली तेव्हा पंख्यामागे हीटसिंक दिसतच नव्हते. हीटसिंक म्हणजे चिपवर बसवलेली ॲल्युमिनियमची पाती, चिपची उष्णता ती हवेला देतात. त्या पात्यांवर करड्या रंगाचा एक सलग थर होता. नखाने कड धरून ओढला तर चिंधीसारखा अखंड निघाला. उजेडात धरला तेव्हा त्यात तुसाची सोनेरी टोके चमकत होती. कोरडी धूळ पंखा उडवून लावतो, पण कूलरच्या ओलीने तिचे पोतेरे झाले होते.

स्वच्छ करताना मुख्य वीज बंद करा, विजेच्या दोन्ही वायरी काढा आणि दहा मिनिटे थांबा, वीजपुरवठ्याच्या डब्यात वीज साठून राहते. मशीन अंगणात न्या. हवेचा ब्लोअर मागून पुढे, म्हणजे हवेच्या नेहमीच्या वाटेच्या उलट मारा. त्या वेळी पंख्याची पाती हाताने किंवा काडीने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा वाऱ्यासारखा फिरला तर त्याचे बेअरिंग जाते आणि उलटी वीज पाटीत शिरते. ही चूक मी स्वतः एकदा केली आहे, आणि चांगला पंखा गमावला आहे. ओले फडके, पाणी, डिझेल, काहीही लावू नका. चिकटलेला थर मऊ ब्रशने. मिलचा हंगाम चालू असेल तर दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा.

धूळ अडवायला तोंडावर कापड बांधतात. दाट कापड आठवड्यात बुजते आणि मशीन आणखी तापते. जाळी लावायचीच तर मशीनवर न लावता खिडकीला लावा, मोठ्या आकाराची, आणि दर रविवारी झटका.

इथवर सगळे करूनही एकच पाटी तापत असेल तर आतला सांधा सुटला आहे. एखादे हीटसिंक निखळले असेल. मशीन हलवून कानाशी धरली तर आत खडखडते. अशी मशीन चालू करू नका, सुटा धातू पाटीवर पडला तर ती पाटी जाते. हे काम पाटी दुरुस्त करणाऱ्या माणसाचे आहे, आणि वॉरंटी असेल तर उघडूही नका.

ग्राफिक्स कार्डाचे मात्र आपण करू शकतो. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे नेणारा मलम, दोन-तीन वर्षांत खडूसारखी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी पातळ आणि सगळ्या चिपवर सारखी पसरा. मेमरीवरच्या मऊ पट्ट्या, थर्मल पॅड, बदलताना जाडी जुन्याइतकीच घ्या. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला की हीटसिंक मुख्य चिपवरून उचलले जाते, आणि मेमरी थंड होऊन चिप तापू लागते. दुरुस्तीनंतर कार्ड जास्त तापले, या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते.

विजेकडे शेवटी येतो, पण धोका इथे सर्वांत मोठा. २२० व्होल्टला ही मशीन जवळपास १५ ॲम्पिअर घेते. तिला दोन वायरी असतात. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तपकिरी होऊन वितळलेला बोर्डही. प्रत्येक वायरीला स्वतःचे १६ ॲम्पिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे. उन्हाळी धानाचे पंप आणि घरोघरचे कूलर एकदम चालतात तेव्हा गावाकडे व्होल्टेज उतरते. १९० व्होल्टला तीच मशीन १७ ॲम्पिअर ओढते आणि वायरीतली उष्णता एक तृतीयांशाने वाढते. २०० च्या खाली मशीन चालवूच नये. आठवड्यातून एकदा वीज बंद करून प्लगच्या पिना पाहा. काळी पडलेली पिन किंवा जळकट वास आला तर वायरमनला बोलवा, तोवर मशीन बंद.

घरगुती मीटरवर हे चालवत असाल तर महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. ही मशीन दिवसाला ७८ युनिट जाळते, आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा. आणि १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यात मायनिंगची वीज वजा धरली जात नाही. थंड करायला लावलेल्या कूलरची तर नाहीच. गोंदियात घरच्या दराच्या विजेवर हा धंदा परवडतो असे मला वाटत नाही, आणि ते मी त्या मुलालाही सांगितले.

तरी चालवायचीच तर कमी विजेचा मोड लावा. वीज कमी म्हणजे उष्णता तेवढीच कमी. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली तर वेग थोडाच घटतो आणि तापमान लक्षणीय उतरते. नवतपाचे नऊ दिवस दुपारी बारा ते सहा मशीन बंद ठेवा. टायमर लावून हे आपोआप होते.

दुरुस्तीनंतरची चाचणी भर उन्हात, दुपारी तीनलाच करायची. सकाळी आठला मशीन छान चालली याला अर्थ नाही. मुलाच्या खोलीत आम्ही पार्टिशन घातले, कूलर खिडकीबाहेर नेला, पात्यांवरची ती चिंधी काढली. पुढच्या दुपारी बाहेर ४४ होते, मशीनच्या तोंडाशी ३३. त्याने पेन्सिल घेतली, तारीख घातली आणि भिंतीवर दोन आकडे लिहिले, एक तोंडाचा, एक पाठीचा. त्यांच्या खाली तो दर रविवारी नवी जोडी लिहितो. दोन्हींतला फरक वाढलेला दिसला की ब्लोअर घेऊन अंगणात जातो.